तळातला थर

"परतीचा तिकीट कधीचा गो बाय?"

मामाने हे विचारलं तेव्हा मी अजून खळ्यातच उभी होते. चपला काढलेल्या, पण पाय धुतलेले नव्हते. मामी पायरीवर पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, रिक्षावाला खिसे चाचपून सुट्टे शोधत होता, आणि रात्रभर तुतारी एक्सप्रेसच्या वरच्या बर्थवर अंग चोरून झोपल्यामुळे माझी मान एका बाजूला वळत नव्हती. "एकोणतीसचं," मी म्हटलं. मामाने बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं, "बरां" म्हणाला आणि मागीलदारी निघून गेला. त्या दिवशी १४ मे होता. म्हणजे पंधरा दिवस. ते त्याला फार वाटले की थोडे, हे त्या 'बरां'मधून काही कळेना. मी पाय धुतले, चहा घेतला, नारळाच्या रसात बुडवून दोन घावणे खाल्ले, मामीच्या गुडघ्यांची चौकशी केली, आणि हे सगळं करताना डोक्यात तेच. आल्या आल्या? उंबरासुद्धा ओलांडायच्या आधी?

एरवी मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण मार्चअखेरीला मी बँकेतून निवृत्त झाले होते. सदतीस वर्षांत रजेचे जे काही अर्ज खरडले त्यावर दोन रकाने असायचे, 'पासून' आणि 'पर्यंत'. दुसरा रकाना भरल्याशिवाय पहिल्याकडे साहेब बघायचाही नाही. तेव्हा मी मनाशी ठरवलं होतं की हा उन्हाळा नुसता 'पासून'चा. ज्यांना वर्षानुवर्षं 'एकदा निवांत येते गं' म्हणून झुलवलं त्यांच्याकडे एकेक करून जायचं, राहायचं, पुरे झालं की निघायचं. नवरा म्हणाला, तू जा, मी घर सांभाळतो. त्याचा अर्थ, मला आयपीएल बघायची आहे. मुलगा मात्र हसला. "आई, मे महिन्यात कोकणातून आयत्या वेळी तिकीट मिळतं का कधी?" हल्ली आरक्षण चार महिन्यांऐवजी साठ दिवस आधी उघडतं. साठावा दिवस नेमका ३० मार्चला, पाडव्याला आला. गुढी उभी करायच्या आधी, सकाळी आठच्या ठोक्याला, हा पठ्ठ्या फोन घेऊन बसला आणि आठ वाजून तीन मिनिटांनी मला म्हणाला, "घे, कन्फर्म." तळहाताएवढ्या त्या पडद्यावर माझा 'पर्यंत' आला. निवृत्तीला अजून एक दिवस बाकी होता.

पहिली गेले नागपूरला, नणंदेकडे. एप्रिलात नागपूरला कोण जातं, असं सगळ्यांनी विचारून झालं. पारा ४४ अंशांच्या आसपास, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि घरात कुलरचा तो ओल्या वाळ्याचा वास. मला तो वास इतका आवडतो की त्यासाठी मी आणखी दोन अंश सोसेन. नणंदेने मला कधी जाणार हे एकदाही विचारलं नाही. उलट मीच तिसऱ्या दिवशी विषय काढला तर, "काहून घाई करून राह्यल्या वहिनी? जाशान ना आरामानं!" मला अगदी भरून आलं. म्हटलं, याला म्हणतात माणसं. पाचव्या दिवशी दुपारी पाणी प्यायला उठले तर भाचा मागच्या बाजूला, धुण्याच्या मशीनवर लॅपटॉप ठेवून, उभ्याने कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, खाली बर्मुडा, घामाने शर्टाची पाठ चिकटलेली. तो घरून काम करतो हे मला माहीत होतं. त्याची कामाची खोली म्हणजे मी ज्या कुलरसमोर पसरले होते ती, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याने माझ्याकडे बघून मशीनमागून हात हलवला आणि हसला. दुसऱ्याच दिवशी मला ठाण्यातल्या एका लग्नाची आठवण झाली. असं कुठलंही लग्न नव्हतं. विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसताना नणंद रडली, आणि तिचं रडणं खरं होतं.

कोल्हापूरची मैत्रीण याच्या अगदी उलट. चाळीस वर्षांपूर्वी कॉलेजच्या बाकावर बसताना ती मधे वही ठेवून "ही हद्द" म्हणायची, ती अजून तशीच आहे. मी फोन केला तर म्हणाली, "शुक्रवारी ये, रविवारी रात्री महालक्ष्मीनं जा. सोमवारी माझी बाई येत न्हाई, मग तुला भांडी घासाय लावीन." त्या अडीच दिवसांत आम्ही रंकाळ्याला तीन फेऱ्या मारल्या, पांढरा रस्सा दोनदा ओरपला, दोन मेलेल्या प्राध्यापकांची नक्कल करून झाली आणि रविवारी साडेआठला तिने मला स्टेशनवर अक्षरशः ढकललं. गाडी हलेपर्यंत थांबलीसुद्धा नाही. मला इतकं हलकं वाटलं होतं की काय सांगू. पण तसं वागायला चाळीस वर्षांची हद्द लागते. मामाशी माझी कुठलीच हद्द आखलेली नाही. म्हणून तर त्याचा प्रश्न टोचला.

आणि टोचायला आणखी एक जुनं कारण होतं.

आम्ही लहान असताना, म्हणजे सत्तरच्या दशकात, कोकण रेल्वे अजून स्वप्नातच होती. आई तिच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गेल्याच्या गोष्टी सांगायची; आमच्या वाट्याला लाल डबा. परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी ट्रंक, वळकटी, पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि खिडकीत बसण्यावरून मारामारी. कशेडीचा घाट येईपर्यंत मी लिंबू हुंगत असायचे आणि घाटात ते लिंबूही कामाला यायचं नाही. देवगडच्या स्टँडवर मामा बैलगाडी घेऊन आलेला असायचा. तेव्हा तो जेमतेम पंचविशीचा, दाट केसांचा, चालताना शीळ घालणारा. मग महिनाभर कोण कधी जाणार याचा विषयच नाही. तो निघायचा मेच्या शेवटी, बाबांचं पोस्टकार्ड आलं की. 'शाळा ९ तारखेस सुरू होत आहे, तरी सर्वांस वेळेत रवाना करावे.' आजोबा पत्र दोनदा वाचायचे आणि मामाला पैसे देऊन डेपोत तिकिटं काढायला धाडायचे. मामा सायकलवर टांग मारून जायचा तो दुपार कलल्यावर परत. आम्ही पोरं खळ्याच्या गडग्यावर ओळीने बसून वाट बघायचो. तो लांबूनच हात झटकायचा. "तिकीट गावला नाय!" आम्ही गडग्यावरून उड्या मारायचो. आई कपाळाला हात लावायची, पण तीही फार जोरात लावत नसावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एका वर्षी तर चार दिवस तिकीट गावलं नाही, आणि मी शाळेचे पहिले दोन दिवस बुडवून पाचवीत गेले.

यातली गंमत मला कळली ती आईच्या तेराव्याला. जेवणं झाल्यावर ओटीवर पानसुपारी चालली होती, तिथे मामाचा एक जुना दोस्त भेटला. स्टँडासमोर त्याचं सायकलचं दुकान होतं. तो म्हणाला, "ह्यो खिडकेर जायच कधी? माझ्या दुकानात बसान भजी खाय आणि चार वाजले की घरां जाय." आजोबांनी दिलेल्या पैशांतलीच भजी. मामा सुपारी कातरत होता. त्याने वर न बघता नुसतं "गप रे" म्हटलं. आईला हे माहीत होतं का, हे मला विचारायचं होतं, पण ज्या दिवशी ते कळलं त्या दिवशी विचारायला ती नव्हती.

तर असा हा मामा. ज्याने परतीच्या तिकिटासाठी पंधरा वर्षं खोटं बोललं, तो आता मी पाय धुवायच्या आधी परतीची तारीख विचारत होता.

पहिले चार-पाच दिवस मी त्याच्याकडे संशयानेच बघत होते. तो सत्त्याहत्तरचा झालाय. शीळ गेली, कवळी आली. पंचाहत्तरी उलटल्यापासून एसटी फुकट आहे, त्याचं कार्ड त्याने मला दाखवलं आणि म्हणाला, "आता फुकट, पण जावचा खय?" त्याच्या वयाची माणसं एकेक करून गेली, सायकलवालाही गेला. दिवसभर तो काही ना काही करत असतो आणि त्यात मला घेत नाही. सकाळी मागीलदारच्या कलमाखाली उभा राहून वर बघत बसतो. त्याची बाकीची कलमं त्याने केव्हाच कराराने देऊन टाकली आहेत, फवारण्या-राखण काही झेपत नाही म्हणतो. हे एकच झाड घरासाठी राखलेलं. व्यापाराचे आंबे एव्हाना उतरून गेले होते. या झाडावरचे मात्र मुद्दाम ठेवलेले, सत्तरेक तरी असतील. मी एकदा म्हटलं, मामा, काढायचे नाहीत का? तर म्हणाला, "चौदा आणे झालेत ते काढलंय. बाकीच्यांका टायम आसा." चौदा आणे म्हणजे उतरवण्याइतके तयार. एवढं बोलून तो पुन्हा वर बघायला लागला. मला वाटलं, टाइम आंब्यांना आहे, मला नाही.

मामीचं मात्र दिसत होतं. पाहुणा आला की तिचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. मी मदतीला गेले की, "तू बस गो, तुका आमचा सामान गावाचा नाय." ते खरंही होतं. त्या घरात हळद जिथे असायला हवी तिथे मीठ असतं. दुपारी आम्हाला वाढून झालं की ती माजघरातल्या पाटावर बसायची, भिंतीला पाठ टेकून, पाय लांब पसरून, आणि दोन्ही हातांनी गुडघे दाबत राहायची. कुणी बघतंय असं वाटलं की लगेच पदर सारखा करून उठायची. एकदा मी तशीच जाऊन तिच्या शेजारी फरशीवर बसले आणि विचारून टाकलं, मामी, खरं सांग, माझ्या येण्याचा त्रास होतो ना? तिने थोडा विचार केला. "त्रास होता गो," ती म्हणाली. "पन येवचा." मालवणीत 'होता' म्हणजे 'होतो', हे मला जन्मापासून माहीत आहे, तरी क्षणभर मी तो भूतकाळ समजून आनंदले. मग अर्थ उलगडला. त्रास होतो, पण यायचं. एवढं बोलून तिने माझ्याच गुडघ्यावर हात टेकला आणि उठून चहा ठेवायला गेली.

२० तारखेच्या आसपास पावसाने सुरुवात केली. वळवाचा असेल, तासाभराने जाईल असं सगळे म्हणत होते. तो गेला नाही. रात्रभर कौलांवर ताशा वाजत होता आणि सकाळी खळ्यात गुडघाभर नाही तरी घोटाभर पाणी. मे महिन्यात बेडूक ओरडताना मी पहिल्यांदा ऐकले. लाकडं अजून आत घ्यायची होती, शेणी भिजल्या, वाळत घातलेली आंब्याची साठं मामीने पदराखाली धरून घरात पळवली आणि तरी त्यांच्यावर बुरशीचे ठिपके आलेच. ज्यांचे आंबे अजून झाडावर होते त्यांचं तर विचारू नका. शेजारचा मुलगा सांगत होता, पावसात भिजलेलं फळ पेटीला चालत नाही, सगळं कॅनिंगला घातलं, क्रेट भरभरून, मिळेल त्या भावाला. सांगताना तो हसत होता. कोकणातली माणसं अशा वेळी का हसतात हे मला अजून समजलेलं नाही.

वीज तर पहिल्या सरीलाच गेली होती. २१ च्या रात्री मी काडेपेटी शोधत माजघरालगतच्या अंधाऱ्या खोलीत शिरले. तिथे आढी घातलेली होती, आणि दार उघडताच तो वास अंगावर आला. पेंढ्याचा कोरडा, धुळीचा वास आणि त्याच्या खालून हळूहळू वर येणारा पिकत्या हापूसचा. मोबाइलचा उजेड भिंतीवर पडला. भिंतीवर कोळशाने आकडे लिहिले होते, आणि प्रत्येक आकड्याखाली पेंढ्याचा एकेक वेगळा ढीग. १८. २२. २९. अठराचा ढीग रिकामा होता, त्यातले आंबे आम्ही रोज खात होतो. बावीसचा अर्धा पिवळा झालेला. एकोणतीसच्या ढिगाखाली हात घातला तर आंबे गार, कडक, हिरवे, देठाकडे नुकती कुठे पिवळी झाक. त्यांचा डेख, म्हणजे देठ, प्रत्येकाला इंचभर राखलेला. खळ्यात उभ्या उभ्या पेरांवर त्याने काय मोजलं होतं ते भिंतीवर लिहिलेलं होतं. किती इथे खायला, किती न्यायला, कुठले आज उतरवायचे, कुठले चार दिवस झाडावर ठेवायचे, म्हणजे मी निघेन त्या दिवशी फळ तयार असेल पण प्रवासात दबणार नाही. यासाठी त्याला तारीख हवी होती. काडेपेटी माझ्या पायाशीच होती. मी ती उचलली आणि दार लोटून घेतलं, चोरी करून बाहेर पडावं तशी.

मग सुटलात की, असं कुणी म्हणेल. पण मामीचे गुडघेही खरेच होते. तारीख ठरलेली असली की तिलाही मोजता येत असेल, आणखी किती पहाटे पाच वाजता उठायचं ते. त्याच एका प्रश्नात दोन्ही हिशेब असतील. कुठला किती, हे मी पुढचे दोन दिवस पावसाकडे बघत ठरवत होते आणि ते काही ठरलं नाही.

आणि त्यातच मी घोळ घातला. वीज नाही, फोनला रेंज नाही, एकदा कशीबशी लागली तर मुलाचे बावीस मिस्ड कॉल. "आई, रस्ते बंद होतील, गाड्या रखडतील, तू निघ." विहिरीचं पाणी गढूळलं होतं, मामीला सर्दी झालेली, आणि मी तिथे बसून तिच्या कामात भरच घालत होते. २३ ला सकाळी दोन मिनिटं रेंज आली तेवढ्यात मुलाने तत्काळमध्ये २४ चं तिकीट काढलं. मी मामाला सांगितलं. त्याने नेहमीप्रमाणे "बरां" म्हटलं. पेरांवर मोजलं नाही. थोड्या वेळाने पावसाने उघडीप दिली तसा तो झेला घेऊन मागीलदारी गेला. मामी पडवीतून ओरडतेय, "ओल्या कलमाचे आंबे काढतत काय कोण? पडशात!" आणि हा डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन, कवळी घट्ट दाबून, वीस फुटी काठी दोन्ही हातांनी तोलत, एकेक आंबा जाळीत अलगद उतरवतोय. फांदी हलली की वरून सगळं पाणी त्याच्या अंगावर. मी जाऊन काठी धरली तर म्हणाला, "सोड. तुका डेख दिसाचा नाय." मी सोडली. उतरवलेले आंबे त्याने पडवीत आणून माझ्या साडीच्या जुन्या तुकड्याने पुसले, एकेक, जसं अंघोळ झालेल्या पोराचं डोकं पुसावं. रात्री जाग आली तेव्हा आढीच्या खोलीतून कंदिलाचा उजेड येत होता. तो गुडघ्यांवर बसून ढीग मोडत होता, प्रत्येक आंबा देठाशी हुंगून डावीकडे किंवा उजवीकडे ठेवत होता. मामी दारात उभी होती. तो तिला म्हणाला, "पाच दिस कमी पडले गो." तक्रारीच्या सुरात नव्हे. कॅश पाच रुपयांनी जुळत नसली की आमचा हेडकॅशियर बोलायचा, तसा.

परतीच्या गाडीत पेटी माझ्या बर्थखाली होती. खरी लाकडी पेटी, सुतळीने आवळलेली. हल्ली सगळे पुठ्ठ्याचे बॉक्स वापरतात, पण मामाला पुठ्ठ्यात आंबा घुसमटतो असं वाटतं. काचेवर पाणी इतकं की बोगदा कुठे संपला आणि पाऊस कुठे सुरू झाला कळत नव्हतं. आणि तिथे, रत्नागिरी गेल्यानंतर केव्हातरी, मला २००९ चा मार्च आठवला. मामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे ठाण्याला आला होता. दोन खोल्यांचं घर, मुलाची परीक्षा, बँकेत मार्च क्लोजिंग, रात्री दहाला घरी यायचं आणि हॉलमध्ये मामा काळा चष्मा लावून कॉटवर बसलेला. टीव्हीसुद्धा लावता येत नव्हता त्याला. तिसऱ्या दिवशी सकाळी पर्स खांद्याला अडकवता अडकवता मी विचारलं होतं, "मामा, परतीचं कधीचं काढू?" अगदी सहज. एजंटला सांगायचं होतं, एवढंच. तो म्हणाला, "काढ परवाचा. आंबो काढूक इलो." डॉक्टरांनी आठवड्याने परत दाखवायला सांगितलं होतं. तो पाचव्या दिवशी गेला, आणि पुढची तपासणी त्याने कणकवलीला करून घेतली. सोळा वर्षं मी हे विसरले होते. विसरले होते असं तरी कसं म्हणू. आठवायची वेळ येऊ दिली नव्हती. त्याच्या लक्षात असेल का? बहुधा असेल. माझ्या प्रश्नाने तो दोन दिवस आधी निघून गेला, आणि त्याच्या प्रश्नावर मी दहा दिवस फुगून बसले होते.

ठाण्याला उतरले २५ ला. त्याच दिवशी मोसमी पाऊस तळकोकणात दाखल झाल्याची बातमी आली, दुसऱ्या दिवशी तो मुंबईतही पोचला. सगळे कौतुकाने म्हणत होते की गेल्या पंचाहत्तर वर्षांत एवढा लवकर आला नव्हता. मी मनात म्हटलं, पाच दिवस थांबला असता तरी चाललं असतं.

पेटी उघडली तर तीन थर. मधे पेंढा आणि वर्तमानपत्र, आणि प्रत्येक थरावर कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाचा चौकोन, त्यावर निळ्या बॉलपेनने मामाचं थरथरतं अक्षर. '२६ पासून.' त्याखाली '३० पासून.' तळाशी '३ जून पासून.' नुसतं 'पासून'. वरचा थर आम्ही २६ ला सुरू केला आणि नवऱ्याने एकट्याने चार खाल्ले. मधला तीसला. एक दिवसही इकडेतिकडे नाही. सकाळी पेटीपाशी गेलं की ज्याची पाळी असायची त्याच्या देठाशी बारीक सुरकुती आलेली दिसायची. नागपूरला भाच्यासाठी एक डझन पाठवायचे होते, पण तोवर कुरिअरवाल्यांनी पावसामुळे नाही म्हटलं. ते राहून गेलं.

३ जूनला तळातला थर काढला. दिसायला देखणे, भरल्या खांद्यांचे, केशरी. पहिला कापला आणि सुरी मधेच अडखळली. बाठ्यालगत पांढरट, रबरासारखा पट्टा. साका. दुसरा कापला, त्यातही. तिसरा थोडा बरा, कडेकडेने खाता आला. हे २३ तारखेचे, ओल्या झाडाचे, पाच दिवस कमी पडले म्हणून भर घातलेले. मी कापलेल्या फोडी ताटात मांडून बघत बसले होते आणि फोन वाजला.

"तळातलो काढलंस?"

"काढला."

"साको नाय मां गावलो?"

"नाही रे," मी म्हटलं. "एकातसुद्धा नाही. मध आहेत नुसते मध."

पलीकडे पावसाचा आवाज येत होता. तो जरा वेळ काही बोलला नाही. मागून मामीने काहीतरी विचारलं, तिला त्याने "बरे आसत म्हणता" असं सांगितलं.

"पेटी टाकू नको हां," मग म्हणाला. "आता फळी गावत नाय. येताना घेवन ये."

पेटी गॅलरीत ठेवली आहे. नवऱ्याने तिच्यात रद्दी भरायला सुरुवात केली होती. मी ती काढून घेतली आणि तळाचा पेंढा उन्हात टाकला, तोही अजून दमटच होता.